बौद्धवाडीची जमीन आणि कोकणातला धंदा

गेल्या पावसाळ्यात दापोलीकडच्या एका गावातून एक काका माझ्याकडे आले. सत्तरीच्या घरातले. १९८२ च्या संपात गिरणी सुटली तेव्हा गावी परतलेले. हातातल्या पिशवीत सातबारा, दोन फेरफार आणि एक जुने कुलमुखत्यारपत्र. त्यांच्या धाकट्या भावाने २००९ साली बौद्धवाडीच्या वरच्या अंगाची बावीस गुंठे जमीन मुंबईच्या एका पार्टीला दिली होती. दिली म्हणजे खरेदीखत नाही. साठेखत, विसाराची रक्कम आणि कुलमुखत्यारपत्र. आज त्या जागेवर पोहण्याच्या तलावासकट बंगला उभा आहे. शनिवार-रविवारी तो भाड्याने जातो आणि काकांचा थोरला मुलगा त्याच बंगल्याच्या फाटकावर राखणदार आहे. "जमीन गेली ती गेली, वकीलसाहेब," काका म्हणाले, "पण पोरगा आपल्याच जागेत येणाऱ्याला सलाम ठोकतो, ते बघवत नाय."

काकांच्या केसचे काय झाले ते शेवटी सांगतो. पण हे गाऱ्हाणे एकट्या काकांचे नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्या ज्या वाडीतून समुद्र किंवा खाडी दिसते, त्या त्या वाडीत हा प्रकार थोड्याफार फरकाने चालू आहे. म्हणून समाजबांधवांपुढे तो मांडणे भाग आहे.

कोकण झपाट्याने बदलतो आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीच्या विमानतळावर विमान उतरले. मांडव्याला मार्च २०२० पासून मोटारगाडीसकट बोटीने जाता येते आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूने मुंबईकर थेट उरणच्या बाजूला उतरतो. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रखडत रखडत चालले आहे, ते सोडा. मार्च २०२४ मध्ये शासनाने किनारपट्टीच्या चार जिल्ह्यांतील सोळाशेहून अधिक गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. ज्या कातळावर गुरेसुद्धा चरायला तयार नव्हती, त्या कातळाचा भाव आज गुंठ्यावर सांगितला जातो.

या बदलाला आपला विरोध असण्याचे कारण नाही. मुंबईच्या गोदीत, गिरणीत आणि बीआयटी चाळीत पिढ्या घालवलेल्या समाजाला गावातच रोजगार मिळत असेल तर तो हवाच आहे. वाद आहे तो मालकीचा. गाव फुगणार, धंदा वाढणार, त्यात आपण मालक म्हणून असणार की झाडूवाला, राखणदार आणि भांडी घासणारी बाई म्हणून?

इतिहासाने एक गंमत केली आहे. गावाने आपल्या पूर्वजांना वेशीबाहेर ठेवले. खाडीच्या काठाला, उतारावर, जिथे भात नीट होत नाही आणि वारा गावाकडून वाहून येतो अशा जागी महारवाडा बसवला. ज्या जागेला तेव्हा शिवायचीसुद्धा बंदी होती, त्याच जागेला आज ‘सी व्ह्यू’ म्हणून भाव आला आहे. दलाल बौद्धवाडीत चपला काढून बसतो, चहा पितो. चहाला विटाळ राहिलेला नाही, कारण चहामागे जमीन आहे.

पण ही जमीन आपल्या हातात आली कशी, हे नव्या पिढीला ठाऊक आहे का? कोकणात खोती होती. राबणारा कुणबी आणि महार, खाणारा खोत. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. त्या मोर्चात महार आणि कुणबी खांद्याला खांदा लावून होते, हे आज दोन्ही बाजूंनी विसरले गेले आहे. त्याआधी अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप चालवला होता. त्याच अलिबागेत आज सिनेनटांचे आणि क्रिकेटपटूंचे बंगले आहेत. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळे मालक झाली आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली. बाबासाहेब १९२० च्या दशकापासून महार वतन नष्ट करा म्हणून झगडत होते. कायदा आला तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. कोकणात वतनाची जमीन घाटावरच्या मानाने थोडीच. पण जी गुंठा-दोन गुंठे आहे तिच्यामागे एवढा लढा आहे.

आता थोडे कायद्याचे बोलतो, कारण सगळी फसवणूक तिथेच होते. वतनाची जमीन मूळ वतनदाराला परत मिळाली ती ‘नवीन शर्ती’वर. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते. अर्थ असा की जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि शासनाने ठरवलेला नजराणा भरल्याशिवाय ती हस्तांतरित करता येत नाही. हस्तांतर म्हणजे फक्त विक्री नव्हे. गहाण आणि भाडेपट्टाही त्यात येतो. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीलाही कलम ४३ चे बंधन आहे. २०१४ च्या दुरुस्तीने ते सैल झाले, दहा वर्षांनंतर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून मोकळे होता येते. पण वतनाच्या जमिनीला ही वाट लागू नाही, आणि दलाल नेमकी या दोन्हींची सरमिसळ करून सांगतो.

वर्ग २ ची अट आपल्या संरक्षणासाठी होती. झाले उलटे. "तुमची जमीन वादातली आहे, कुणी घेणार नाही, मी घेतो म्हणून घेतो," असे सांगून निम्म्याहून कमी भावात कुलमुखत्यारपत्र करून घेतले जाते. पुढे पैसेवाला नजराणा भरून, दंड भरून, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवून तीच जमीन नियमित करून घेतो. जो नजराणा आपल्याला डोंगराएवढा वाटला, तो त्याच्या हिशेबात बंगल्याच्या फरशीएवढाही नसतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यात मुंढव्याच्या महार वतनाच्या चाळीस एकरांचा व्यवहार राज्यभर गाजला, म्हणून लोकांना वतन हा शब्द आठवला. कोकणात दहा-वीस गुंठ्यांचे असे व्यवहार होतात, त्यांची बातमी होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर जमिनीची मालकी जात नाही. त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागते. हे वाचून काही जण खूश होतील. घाईने खूश होऊ नका. परवानगीशिवाय झालेला व्यवहार सरकारदरबारी उघडा पडला की शर्तभंगापोटी जमीन सरकारजमा होऊ शकते. म्हणजे भांडून त्याच्या हातून काढली तरी आपल्या हातात पडेलच असे नाही. म्हणून सही करण्याआधी वकिलाकडे या. सही केल्यानंतर येणाऱ्याला वकील बहुतेक वेळा धीरच देऊ शकतो.

आपला स्वतःचा दोषही सांगितला पाहिजे. आपल्या सातबाऱ्यांवर आजोबांची नावे आहेत. वारस नोंद नाही, वाटप नाही. चार भाऊ मुंबईत, एक गावी, बहिणींचा उल्लेखच नाही. गावचा भाऊ दोन खोल्या बांधून धंदा करायचा म्हणतो, तेव्हा बँक सगळ्यांच्या सह्या मागते आणि मुंबईचा भाऊ फोन उचलत नाही. दलाल विक्रीचा प्रस्ताव घेऊन गेला की तोच भाऊ पहिल्या गाडीने हजर होतो. बहिणींची तर गोष्टच नको. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यामागचे एक मोठे कारण हिंदू कोड बिल होते. आणि आपण बौद्ध म्हणवणारे बहिणीला साडीचोळी देऊन हक्कसोडपत्र घेतो! वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस आहे. माझ्या अनुभवात ज्या घरात बहिणीचे नाव सातबाऱ्यावर होते, त्या घरातली जमीन दलालाला सहजासहजी मिळालेली नाही. ती एकटीच विचारते, पैसे संपल्यावर काय खाणार?

जमिनीनंतर राहण्याचे. बंगला झाला की पहिली भिंत पाखाडीवर पडते. नदीवर, विहिरीवर, स्मशानात जाणारी वाट बंद. बौद्धवाडीतल्या माणसांनी वळसा घालून जायचे, मयतसुद्धा वळसा घालून न्यायची. अशा वेळी लोक वर्ष वर्ष सरपंचाच्या दारात बसतात. मामलेदार न्यायालय कायदा १९०६ मध्ये वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सातव्या महिन्यात आलेला माणूस दिवाणी कोर्टात जातो आणि तिथे किती वर्षे लागतात हे मी काय सांगावे. वाट अडवण्यामागे जात असेल, जमीन बेकायदा बळकावली असेल, तर अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ मध्ये, विशेषतः २०१५ च्या दुरुस्तीनंतर, ती कृत्ये स्पष्ट लिहिलेली आहेत. आणि गावकीने वाळीत टाकण्याची धमकी दिली तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. हा कायदा व्हायला रायगड जिल्ह्यातल्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांचाच रेटा होता.

परंतु कायद्याची एक मर्यादा आहे आणि ती धंद्यात येते. राज्यघटनेच्या कलम १५ प्रमाणे हॉटेलवाला तुम्हाला जातीवरून हाकलू शकत नाही. पण गिऱ्हाईकाने तुमच्याच हॉटेलात यावे, अशी सक्ती जगातला कोणताही कायदा करू शकत नाही.

गुहागरकडे आपल्या एका पदवीधर तरुणाने घराला लागून तीन खोल्या काढल्या. बायको हाताला चव असलेली, समुद्र दहा मिनिटांवर. फोन यायचे. खोलीचा दर, जेवणाचा दर, मग हळूच प्रश्न, "तुमचं आडनाव काय?" आडनाव सांगितले की "कळवतो" म्हणून फोन बंद. त्याच रस्त्यावर जातीच्या नावाने थाळी विकणाऱ्या पाट्या राजरोस आहेत आणि त्याला कुणी जातीयवाद म्हणत नाही, घरगुती चव म्हणतात. शेवटी धंद्यातल्या एका हितचिंतकाने त्याला सल्ला दिला, पुढच्या खोलीतला बाबासाहेबांचा फोटो आत लावा. वर म्हणाला, "बुद्धाची मूर्ती राहू द्या, ती हल्ली रिसॉर्टवालेसुद्धा ठेवतात." बुद्ध शोभेला चालतो, बाबासाहेब चालत नाहीत. कारण शोभेचा बुद्ध काही विचारत नाही.

तरुणाने मला विचारले, काय करू? कर्ज अंगावर आहे, दोन मुले आहेत. मी त्याला म्हटले, फोटो हलवू नकोस. हे सांगणे मला सोपे होते, हप्ता त्याला भरायचा होता, याची मला जाणीव आहे. तरीही माझे मत तेच आहे. फोटो आत गेला की उद्या आडनाव बदलेल, परवा वाडीतल्या नातेवाइकांना मागच्या दाराने यायला सांगितले जाईल. १९२७ च्या २० मार्चला महाडच्या तळ्यावर गेलेली माणसे पाण्याला महाग झालेली नव्हती. ती समोरच्या वाटेने गेली, हे महत्त्वाचे. तळ्यावर बंदी ही अनादी रूढी असल्याचे प्रतिपक्षाचे म्हणणे मुंबई उच्च न्यायालयात सिद्ध झाले नाही. निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे केस चालली आणि बाबासाहेब मागे हटले नाहीत.

पण नुसत्या बाण्यावर हप्ता फिटत नाही. गिऱ्हाईक पाहिजे. ते कुठून येणार?

ते आपल्याकडेच आहे. मे महिन्यात आणि डिसेंबरात मुंबई, ठाणे, पुणे, नागपूरचा आपला नोकरदार वर्ग कुटुंब घेऊन कोकणात जातो. बँकेतला अधिकारी, प्राध्यापक, इंजिनिअर, रेल्वेतला साहेब. तो आरक्षण कुठे करतो? मोबाइलवर चकचकीत फोटो पाहून जिथे मिळेल तिथे. बौद्धवाडीत तीन स्वच्छ खोल्या आहेत याची त्याला खबर नसते, आणि असली तरी "आपल्याच लोकांकडे कशाला" हा न्यूनगंड आडवा येतो. माझ्याही बाबतीत हे एकदा झाले आहे, कबूल करतो.

२० मार्च आणि २५ डिसेंबरला महाडला जनसागर लोटतो. ही माणसे येतात, अभिवादन करतात, वडापाव खाऊन रात्रीच्या गाडीने परत. त्यांना दोन दिवस थांबवायला काय नाही या मुलखात? महाडजवळ गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, रायगड जिल्ह्यातच कुड्याची लेणी आहेत, दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी आहे. महाडजवळचे रावढळ हे गोपाळबाबा वलंगकरांचे गाव. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारा हा निवृत्त सैनिक दापोलीत राहिला. बाबासाहेबांचे बालपणही काही काळ दापोलीत गेले. आणि मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे तर बाबासाहेबांचे मूळ गाव. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद तिथे येऊन गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंडणगडच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी केले. त्याच तालुक्यातल्या वेळासने कासवांच्या पिल्लांसाठी महोत्सव भरवला आणि गावातल्या साध्या घरांनी पाहुणे ठेवून पैसा मिळवला. मोठे हॉटेल नाही, वातानुकूलन नाही. जमिनीवर गादी, पानात भाकरी-आमटी. जे वेळासला जमते ते आंबडव्याच्या वाटेवरच्या बौद्धवाड्यांना न जमायला काय झाले? आपल्या लोकांपासून सुरुवात करायची. चव आणि स्वच्छता असेल तर उरलेले जगही हळूहळू येते, कारण पोटाला जात फार दिवस आठवत नाही.

पैशाचा प्रश्न खरा आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे, पण त्याची प्रकरणे बँकेत जाऊन झोपतात. २०१६ ते २०२५ या काळात स्टँडअप इंडिया योजना होती. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती किंवा जमातीच्या उद्योजकाला दहा लाख ते एक कोटीचे कर्ज द्यायचे, असा तिचा नियम. आपल्या तालुक्याच्या शाखेने नऊ वर्षांत कुणाला दिले, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. दादासाहेब गायकवाडांच्या नावाची योजना २००४ पासून भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देते. पण शासनाने ठरवलेल्या दरात कोकण किनाऱ्याला जमीन विकायला कोण बसला आहे? म्हणजे सरकार जी जमीन घेऊन देऊ शकत नाही, ती आपल्याकडे आहे आणि आपण ती विकतो आहोत. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात एक एकरवाला शेतकरीही बसतो. मात्र किनाऱ्यालगत खोली बांधण्याआधी सीआरझेडचा नकाशा पाहिल्याशिवाय पाया खणू नका. मोठ्याचे बांधकाम नियमित होते, आपले पाडले जाते.

मुंबईतल्या गावमंडळांच्या बैठका दर महिन्याला होतात. विहाराची वर्गणी, जयंतीचा जमाखर्च, शोकप्रस्ताव यातच रात्र सरते. माझी विनंती आहे की येत्या बैठकीत गावातल्या बौद्धवाडीचे सगळे सातबारे टेबलावर ठेवावेत. वर्ग कोणता, नावे कुणाची, वारस नोंद कुणाची राहिली, बहिणींची नावे कुठे गाळली, कुलमुखत्यारपत्र कुणी कुणाला दिले, हे वहीत उतरवून घ्यावे. एका रविवारचे काम आहे. विहाराला संगमरवर बसवण्याआधी विहाराची जागा कुणाच्या नावावर आहे, तेही एकदा पाहावे. दोन गावांत ती परक्याच्या नावावर निघालेली मी स्वतः पाहिली आहे.

काकांचे सांगायचे राहिले. भावाने दिलेल्या बावीस गुंठ्यांबाबत आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. जमीन सरकारजमा करायचीच झाली तर ती मूळ वतनदाराच्या वारसांना पुन्हा द्यावी, अशी मागणी आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही आणि मी काकांना खोटी आशा दाखवलेली नाही. मात्र फेरफार तपासताना खालच्या अंगाचे नऊ गुंठे अजून आजोबांच्या नावावर असल्याचे आढळले. वारस नोंदीला काकांच्या विक्रोळीच्या बहिणीची सही लागणार होती. भाऊ म्हणाला, तिला कशाला मध्ये आणता? काका स्वतः विक्रोळीला गेले आणि तिचे नाव लावून आले. राखणदार मुलगा आता तिथे दोन खोल्या बांधायचे म्हणतो. बँकेचा साहेब अजून कागद मागतो आहे. गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. दलाल पुन्हा येऊन गेला, म्हणाले. या वेळी भाव दुप्पट सांगितला. मी विचारले, तुम्ही काय सांगितलंत? काका म्हणाले, "बहिणीला विचार म्हटलं. तिचा पत्ता दिला."